काठावरचा वाळा

निजामपुरा, भिवंडी
१६ जानेवारी १९७४

आक्का,

पाया पडते. आपल्या सासूबाईंनाही माझा नमस्कार सांगा. ‘ऱ्हाऊ दे तिचा नमस्कार’ म्हणतील, तरी सांगा.

आम्ही पोचलो. खोली मिळाली, म्हणजे लूमच्या कारखान्याला चिकटवलेली एक पडवी. भिंतीपलीकडे लूम दिवसरात्र खडखडतात, भिंतीला पाठ टेकली की दात वाजतात. यांना या आठवड्यात दिवसाची ड्युटी आहे, पुढच्या आठवड्यात रात्रीची. मी घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरते. इथे बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे दोनच दिवसांत माझा आवाज भांडखोर बाईसारखा झालाय. तुम्ही म्हणाल तो आधीच होता. असो.

पत्र लिहिते आहे ते काठावरच्या वाळ्यासाठी. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही. दात न आलेल्या पोराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, असं सगळे म्हणाले आणि मी ऐकलं. शेताच्या टोकाला नदीकाठी यांच्या दादांनी खड्डा खणला, माझा दामू तिथे ठेवला. सासूबाई म्हणाल्या वर दगड ठेवा. दगडाला काय, पुराचं पाणी लागलं की घरंगळला, आणि कोल्ह्याला तर दगड म्हणजे आयती खूण. म्हणून मी माहेराहून वाळ्याचे फुटवे आणून त्याच्या अंगावर आणि काठाने लावले. वाळा खोल जातो आणि माती सोडत नाही, आमच्याकडे सगळे बांध त्यावरच उभे आहेत. मला तुमच्याकडून घरातलं, शेतातलं काहीच नको, आक्का. दामू जिथे आहे तिथे राहावा, एवढंच हवं.

तर ऐका. त्याचा पहिला उन्हाळा येतोय, मुळं अजून खाली गेलेली नाहीत. एक दिवसाआड तरी कळशीभर पाणी घाला. कोवळ्या पातीला गुरं तोंड लावतात, काटेरी फांद्या टाकून ठेवा. मिरगाच्या आधी पात गुडघ्याएवढी ठेवून वरची कापा, म्हणजे बुडातून फुटवे येतील आणि ठोंब रुंद होईल. आजूबाजूचं तण उपटा, पण कुदळ लावू नका. मुळासाठी तर कुणालाच हात लावू देऊ नका. मुळं हवी असतील त्याला विहिरीजवळचा सासूबाईंचा जुना वाळा दाखवा.

नदीवर जातच आहात तर एक खेप त्याच्यासाठी करा. उपकार होतील, असं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही चिडाल.

तुमची
मैना

*

अकलोली
१० मार्च १९७४

मैना,

आशीर्वाद. तुझं पत्र मी एकटीने बसून वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तू चौथी झालीस म्हणून काही कलेक्टर नाहीस.

वाळ्याला पाणी घालते. सासूबाई पहिल्या दिवशी ओरडल्या, ‘‘गवताला कोन पानी घालतंय गं? लोकं काय म्हनतील?’’ मी म्हटलं, म्हणू द्या. दुसऱ्या दिवशी बघते तर काठावर माती ओली. विचारलं तर म्हणतात, ‘‘मी कशाला जाते तिकडं, माझं गुडघं न्हाय चालत.’’ त्यांच्या लुगड्याचा काठ मात्र चिखलाने भरलेला होता. तेव्हा आता दोघी घालतो आणि दोघीही घालत नाही असं सांगतो.

शेळीने एकदा दोन ठोंब खाल्ले, खोटं कशाला बोलू. पण खालून परत फुटले. वज्रेश्वरीचा एक अत्तरवाल्यांना मुळं पुरवणारा माणूस काठाकाठाने हिंडत आला होता. त्याने ठोंब बघितला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी काढायला येईल, चांगलं मूळ बसेल. ह्यांनी त्याला एवढंच सांगितलं, ‘‘त्ये गवत न्हाय. आमचं पोर हाय.’’ तो माणूस चपला हातात घेऊन गेला.

इथे गरम कुंडांवर अंघोळीला आलेल्या लोकांची वर्दळ आहे. तू असतीस तर त्यांच्या नकला केल्या असत्यास. घर गप्प झालंय. तू भांडायचीस तेव्हा मला वाटायचं कधी जाते ही. आता ताटं वाढताना तुझं ताट काढते आणि परत ठेवते.

जेवत जा. कांड्या भरून पोट भरत नाही.

तुझी
तुळजा

*

निजामपुरा, भिवंडी
२ मे १९७४

आक्का,

पाया पडते. सासूबाईंचा चिखल वाचून मी हसले. नंतर बराच वेळ रडले. त्यांना काही सांगू नका.

इथे ऊन फार आहे. कोरड्या हवेत लूमवरचा धागा तुटतो, म्हणून कारखानदार खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावतात आणि माणूस ठेवून त्यांच्यावर पाणी मारतात. आम्हाला प्यायला पाणी मिळत नाही आणि धाग्याला गारवा हवा! परवा नळावरून येताना मी त्या खिडकीखाली गेले आणि तिथून निघेचना. ओल्या वाळ्याचा वास, आक्का. आपला काठ. हंडा डोक्यावर, पाणी मानेवर गळतंय आणि मी भिंतीला नाक लावून उभी. शेजारची शमीमची अम्मी आली, म्हणाली, ‘‘क्या सूँघ रही हो, भाभी?’’ मी काय सांगू? म्हटलं, ‘‘मेरा बेटा.’’ तिने हंडा उतरवून घेतला आणि हाताला धरून घरी आणलं. संध्याकाळी तिने फिरनी पाठवली. ती मला गिळवली नाही.

यांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘असं रस्त्यात उभं ऱ्हायाचं न्हाय.’’ बस, एवढंच. ते दामूचं नाव घेत नाहीत. लूमवरून आले की कानात आवाज भरलेला असतो, झोपतात.

मिरगाआधी पात कापायची विसरू नका. मी दिवाळीला येणार आहे, मग ठोंब मीच बघेन. यंदाचा एक पावसाळा निघाला की काही भीती नाही. मूळ माणसाच्या उंचीएवढं खाली गेलं की नदीलाही ऐकावं लागतं, असं माझी आई सांगायची.

मैना

*

अकलोली
२९ ऑगस्ट १९७४

मैना,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. पाऊस फार आहे. लावणी झाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात. ह्यांना ताप होता, पाण्यात राहिल्यामुळे. आता उतरलाय, पण हाताला जखमा आहेत, नांगर धरवत नाही.

वाळा चांगला आहे. हिरवागार आहे.

दिवाळीला येऊ नकोस असं माझं मत आहे. रस्ता खचलाय, आणि रामूभावजींना सुट्टी कुठे मिळणार? उगाच खर्च आणि दगदग. उन्हाळ्यात बघू.

तुझी
तुळजा

*

निजामपुरा, भिवंडी
३० ऑक्टोबर १९७४

आक्का,

मी काय अपराध केला? पत्र एवढंसं, त्यात निम्मा पाऊस आणि निम्मे गुडघे. आणि वर म्हणता, येऊ नकोस. सासूबाई म्हणाल्या असत्या तर समजू शकले असते.

हे दसऱ्याला एकटेच येऊन गेले, मला म्हणाले, तू कांड्यांचं काम सोडून येऊ नकोस. परत आले तेव्हा मी पाणी द्यायच्या आधी विचारलं, वाळा कसा आहे? ‘‘हाय ना, हाय. काय व्हतंय गवताला?’’ एवढं बोलून अंगावर चादर ओढली. फुटवे किती आलेत, तुरा धरला का, काही धड सांगता येईना. पुरुषमाणसाला गवत म्हणजे गवत. मी भांडले. ते उठले आणि शिफ्ट नसताना कारखान्यात जाऊन बसले.

मला वाटतं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय की मी दामूला विसरावं. काठावर मला येऊ दिलं नाही की मी विसरेन. काय तरी तुमची अक्कल! मी इथे सकाळी उठते ती काठावरच उठते. आता ऊन आलं असेल, आता गुरं उतरली असतील, आता आक्का कळशी घेऊन गेल्या असतील. एवढं मोजून झालं की मग मला चूल पेटवता येते. नाही तर इथे या खडखडाटात, या अंधाऱ्या पडवीत मी कशाला थांबले असते?

रागावून लिहिलंय. दादांच्या हातांना हळद लावा.

मैना

*

निजामपुरा, भिवंडी
१८ मार्च १९७५

आक्का,

पाया पडते. तुमचं पत्र नाही. मीच हरले, लिहिते.

ऊन सुरू झालंय. नळाचं पाणी कोमट येतं, तोंडात धरवत नाही. नवा माठ घेतलाय. विहिरीजवळच्या वाळ्याची एक जुडी धाडाल का, माठात घालायला? विहिरीजवळचाच हं, काठावरच्याला हात नको. आपल्या गावची कमळा बाजारासाठी भिवंडीला येते, तिच्या हाती दिलीत तरी मिळेल.

मैना

*

अकलोली
२ एप्रिल १९७५

मैना,

आशीर्वाद. कमळाबरोबर दोन जुड्या पाठवल्या आहेत. पत्र टपालाने टाकते, कारण कमळाला वाचता येतं आणि तोंड बंद ठेवता येत नाही.

सुतळीने बांधलेली जुडी विहिरीजवळची. ती माठासाठी.

पांढऱ्या फडक्यात बांधलेली दुसरी आहे, ती पाण्यात घालू नकोस. ती तुझ्या पेटीत ठेव. का ते तू आलीस की सांगेन. फडकं कुणाला सोडू देऊ नकोस.

तुझी
तुळजा

*

निजामपुरा, भिवंडी
९ एप्रिल १९७५

तुळजाबाई,

तुमचं पत्र आज आलं. जुड्या आधीच आल्या होत्या. कमळाने दारातूनच दिल्या आणि ती बाजाराला पळाली. मी दोन्हींचा वास घेतला. फडक्यातली जास्त वासाची होती, म्हटलं आक्काने खास निवडून बांधली आहे. तीच माठात घातली. आम्ही तेच पाणी पीत होतो. हे ड्युटीवरून आल्यावर दोन दोन तांबे पीत होते. शमीमच्या अम्मीला मी कौतुकाने दिलं.

आज सकाळी माठ धुवायला मुळं बाहेर काढली आणि हातात चोळली. आत काहीतरी टोचलं. मुळं बाजूला केली तर काळा मणी. एका मुळाने त्याच्या भोकातून जाऊन त्याला घट्ट धरला होता.

तुम्हाला ठाऊक नाही, दादांनाही नाही. दामूला मातीत ठेवताना सासूबाईंनी त्याच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं, तसं घेतातच. पण उजव्या हाताची मनगटी मी माझ्या मुठीत झाकून धरली आणि काढू दिली नाही. काळ्या मण्यांची, माझ्या आईने ओवलेली. हा मणी तिच्यातला आहे.

तुम्ही माझ्या पोराला खणलंत. मुळांसाठी खणलंत. अत्तरवाल्याला किती गेलं आणि मला किती आलं? मला उरलेलं फडक्यात बांधून पाठवलंत आणि लाज वाटली म्हणून पेटीत ठेव लिहिलंत. मी त्याला माठात घातलं, तुळजाबाई. मी त्याच्यावरून पाणी प्याले. गार आहे म्हणाले.

यांना मणी दाखवला. ते खाली बसले आणि म्हणाले, ‘‘वहिनीला इचार. मला न्हाय सांगता येत.’’ म्हणजे यांनाही ठाऊक होतं. माझ्याशिवाय सगळ्या जगाला ठाऊक होतं.

उत्तर द्या. एकदाच द्या, आणि मग मला पत्र लिहू नका.

मैना

*

अकलोली
१७ एप्रिल १९७५

मैना,

तू मला तुळजाबाई लिहिलंस. लिही. तुला हक्क आहे.

कुणी खणलं नाही. अत्तरवाला परत आला नाही. ऐक, आणि बसून वाच.

श्रावणातली गोष्ट. सतत पाऊस, नदी शेताला लागली. दुपारी आम्ही तिघं काठावर होतो. तुझा वाळा माझ्या छातीएवढा झाला होता, पाणी त्याच्यावरून जात होतं आणि तो आडवा होऊन परत उभा राहत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘‘धरलंय गं त्यानं, मैनीच्या गवतानं धरलंय.’’ आणि खरंच धरलं होतं. मातीचा एक कण सुटत नव्हता. पण नदीने वरून काही केलंच नाही. ती खालून शिरली. मुळं जिथवर गेली होती त्याच्याही खालची वाळू तिने नेली. मग गवताच्या मागे, आमच्या पायाजवळ, जमिनीला भेग पडली आणि सगळा काठ, वाळ्यासकट, एकत्र पाण्यात बसला. तुझ्या गवताची चूक नाही. तू लावलंस ते बरोबर लावलंस. जमीनच गेली.

ह्यांनी उडी टाकली. मी ओरडले, सासूबाईंनी धोतर धरलं, ते फाटलं. कमरेएवढ्या पाण्यात ते ठोंब धरायला बघत होते. वाळ्याची पात करवतीसारखी, तळहात कापले गेले. एक ठोंब त्यांच्या हाती राहिला. बाकी सगळं नदीने नेलं. दामूही.

तो ठोंब आम्ही विहिरीजवळ लावला. लावताना मुळं छाटावी लागतात. छाटलेली मला टाकवेनात. वाळवून फडक्यात बांधली आणि गाडग्यात ठेवली. रामूभावजी दसऱ्याला आले तेव्हा सगळं सांगितलं. ते काठाच्या जागी जाऊन उभे राहिले. तिथे आता नुसतं पाणी आहे. म्हणाले, ‘‘तिला न्हाय सांगायचं. ती तेवढ्यावरच जगते.’’ आम्ही ऐकलं. मग तू वाळा मागितलास, आणि मला वाटलं, आता निदान तेवढं तरी तिच्याजवळ असू दे. त्यात मणी होता हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं, मैना.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होते. पण तुझं पत्र ह्यांनी माझ्या हातातून घेतलं, वाच म्हणाले, आणि मला वाचावं लागलं.

इतके महिने ह्यांचं एकच बोलणं होतं की मी भलताच ठोंब धरला, पोराच्या अंगावरचा नव्हे, कडेचा धरला. तेच मनाला लावून घेतलं होतं. मण्याचं ऐकलं आणि चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. मला वाटलं बरं वाटेल. म्हटलं, बघा, तुम्ही बरोबर धरला होता.

तर म्हणाले, ‘‘तुळजे, ठोंबाला मोठं ढेकूळ व्हतं. जड. मला ओढवंना. मी पान्यातच त्याची माती झटकली.’’

वाळा उपटला की पाण्यात धरून माती झटकायची, मग काठावर टाकायचा. लहानपणापासून हाताला तीच सवय. त्यांनी दोन्ही हातांनी झटकला. मी काठावरून बघत होते, मीच ओरडत होते, हलका करा, हलका करा.

मण्याचं ऐकल्यापासून हे विहिरीकडे जात नाहीत, तो ठोंब तिथे आहे. पाणी मी आणते.

तुळजा

*

निजामपुरा, भिवंडी
६ मे १९७५

आक्का,

पत्र मिळालं. फार वेळा वाचलं.

दादांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही झटकली असती. तुम्ही ओरडलात तेच मी ओरडले असते. आईने आम्हा सगळ्या बहिणींना तसंच शिकवलं, मुळाला माती ठेवायची नाही. मी तुमच्यावर रागावून बसले होते ते बरं होतं. रागाला धरून उठता येत होतं, दोन घास खाता येत होते. आता रागवायलाही कुणी उरलं नाही. तुम्ही नाही, दादा नाहीत, यांनी लपवलं तेही माझ्यासाठीच. नदीवर काय रागावणार?

शमीमच्या अम्मीला सांगितलं. तिने मणी हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि परत दिला. म्हणाली, ‘‘इसको मिट्टी दे दो, भाभी.’’ कुठली माती देऊ? इथे दाराबाहेर गटार आहे, त्यापुढे डांबर. मी तिला म्हटलं, एकदा दिली होती.

लूम चालू आहेत. कांड्या भरून होत नाहीत, हात मध्येच थांबतो. हे समोर येऊन बसतात. माठ त्यांनी फोडला.

तुम्ही बोलवाल म्हणून आधीच लिहिते, आम्ही येणार नाही. मी इथे राहत होते ते तो तिथे आहे म्हणून. आता तो तिथे नाही, आणि मला कुठेच जायचं नाही.

सासूबाईंना सांगा, त्यांनी घातलेलं पाणी मला पोचलं.

मैना